पट्टी बंद, चिप चालू

रात्री पावणेदोनच्या सुमारास माझ्या स्क्रीनवर एक कार्ड लाल झालं. बँकेच्या कार्ड-फ्रॉड विभागात रात्रपाळी करताना अशी कार्डं रोजच समोर येतात, आणि पुष्कळदा मामला साधाच निघतो. माणूस परदेशी गेलेला असतो आणि बँकेला कळवायचं राहिलेलं असतं. हे तसं नव्हतं. याच कार्डावर चाळीस मिनिटांपूर्वी युरोपातल्या एका रेल्वे स्टेशनवर तिकिटं काढली होती, आणि आता दुसऱ्याच खंडातल्या एटीएममधून पैसे निघत होते. दोनदा निघाले होते, तिसरा प्रयत्न चालू होता.

अशा वेळी माझी नजर आधी दोन आकड्यांवर जाते. कार्डाचा प्रत्येक व्यवहार बँकेकडे आयएसओ ८५८३ या ठरलेल्या साच्याच्या संदेशातून येतो. त्यातला बाविसावा रकाना सांगतो, मशीनने कार्ड वाचलं कसं. ०५ म्हणजे चिप, ०७ म्हणजे नुसतं टेकवून, ९० म्हणजे पाठीमागची काळी पट्टी. तिकिटांपुढे ०५ होतं. एटीएमच्या दोन्ही व्यवहारांपुढे ९०. म्हणजे खरं कार्ड युरोपात होतं आणि पट्टीची नक्कल दुसरीकडे फिरत होती.

खातेदाराच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन लावला. बंद. ‘हा व्यवहार तुम्ही केला का’ असा मेसेज पाठवला, तो पोचलाच नाही. ईमेलला उत्तर नाही. मी कार्ड ब्लॉक केलं आणि पुढच्या लाल ओळीकडे वळले. नियमाप्रमाणे माझं काम बरोबर झालं होतं.

दीड तासाने फोन आला, हॉटेलच्या रिसेप्शनवरून. निवृत्तीच्या वयाचे गृहस्थ होते, आवाज दमलेला आणि चिडलेला. रेल्वेने दुसऱ्या शहरात पोचले, हॉटेलवाल्याने कार्ड मागितलं, मशीनने नाकारलं. तिकडे मध्यरात्र होत आली होती. कार्डामागचा टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नाही हे कळेपर्यंत आणि बाहेरून लागणारा नंबर सापडेपर्यंत त्यांचा अर्धा तास गेला होता. ओळख पटवण्याचे प्रश्न संपताच ते म्हणाले, “मॅडम, कार्ड माझ्या हातात आहे. मी ते कुणाला दिलं नाही, कुठे विसरलो नाही. मग चोरीला कसं गेलं?”

हा प्रश्न मला पटतो. आपल्याला चोरी म्हणजे वस्तू नाहीशी होणं एवढंच माहीत असतं. मी त्यांना सांगितलं, काका, त्या काळ्या पट्टीवर कार्डाचा नंबर, मुदत आणि एक तपासणीचा कोड असतो, आणि ते सगळं कायम तेच राहतं. एकदा कुणी वाचलं की कोऱ्या कार्डावर उतरवता येतं. चिपचं तसं नाही. ती दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, आणि तो ज्या किल्लीने तयार होतो ती किल्ली चिपच्या बाहेर पडत नाही. पट्टी १९६०च्या दशकातली, चिपची मानकं १९९०च्या दशकातली. जगात कुठेतरी अजून जुनी मशीन आहेत म्हणून दोन्ही एकाच कार्डावर नांदतात. २०३३पर्यंत आपल्या एकाही क्रेडिट वा डेबिट कार्डावर पट्टी उरणार नाही, असं मास्टरकार्डने २०२१मध्ये जाहीर केलं आहे. काकांच्या कार्डावर मात्र ती होती, आणि कुणीतरी ती वाचली होती.

“परदेशात रोख रक्कम कुठे काढलीत?” मी विचारलं. ते आठवत होते, तेवढ्यात मागून एक आवाज आला, “अहो, त्या मशीनचं सांगा ना त्यांना.” मग काकूंनीच फोन घेतला.

दोन दिवसांपूर्वी एका गजबजलेल्या चौकात, दुकानाच्या भिंतीला लागून एक एटीएम होतं. बँकेची शाखा आसपास नव्हती. कार्ड घालायची खाच बाकीच्या मशीनपेक्षा वेगळ्या हिरव्या रंगाची होती आणि जरा पुढे आलेली. कार्ड अडखळत आत गेलं. आकड्यांच्या वर एक अरुंद पट्टी चिकटवलेली दिसत होती. काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, हे काहीतरी बरं दिसत नाही. काका म्हणाले होते, इकडची मशीन अशीच असतात. मागे रांग होती, त्यांनी पटकन पिन दाबला.

खाचेवर बसवलेलं यंत्र पट्टी वाचतं, पण पिन त्याला मिळत नाही. पिन बहुतेक वेळा वर लपवलेल्या बारीक कॅमेऱ्याला मिळतो. म्हणून मी भेटेल त्याला सांगते, पिन दाबताना दुसरा हात आकड्यांवर धरा, मागे कुणी नसलं तरी. त्या चौकात एवढं झालं असतं तर चोरांच्या हाती पिन नसलेली पट्टी लागली असती, आणि एटीएमपुढे ती निरुपयोगी असते. खाच बोटांनी हलवून बघणंही तितकंच सोपं. नंतर बसवलेला भाग बऱ्याचदा हलतो.

पण आता खोलीचं काय? दुसरं कार्ड होतं, ते ‘हरवायला नको’ म्हणून घरी कपाटात ठेवलेलं. ॲपमधून नवीन व्हर्च्युअल कार्ड देता आलं असतं, पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि नोंदवलेल्या नंबरचं सिम काढून त्यांनी स्थानिक सिम घातलं होतं. जुनं सिम पासपोर्टच्या पाकिटात होतं, रोमिंग चालू न केलेलं. माझा मेसेज त्या पाकिटापाशी येऊन थांबला होता. तातडीचं बदली कार्ड परदेशातही पोचवतात, पण त्या रात्री नाही. खिशात जेमतेम टॅक्सीपुरती रोकड होती.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. पैसे वाचवण्यासाठी मी जे बटण दाबलं होतं, त्यानेच दोन वयस्क माणसं अनोळखी शहरात काउंटरपुढे ताटकळत उभी होती.

मी त्यांना फोनवर थांबवून सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, चोरांकडे पट्टी आहे, पिन आहे, चिप नाही. या कार्डाची पट्टी बंद करू, ऑनलाइन व्यवहार बंद करू, एटीएम बंद करू, फक्त दुकानातली चिप चालू ठेवू, तीही मर्यादा घालून आणि ते घरी परतेपर्यंतच. ते कचरले. फसवणूक सिद्ध झालेलं कार्ड पुन्हा उघडायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी बाविसावा रकाना स्वतः तपासला, काकूंचं बोलणं माझ्याकडून पुन्हा ऐकलं आणि सही केली.

“काका, कार्ड आत घाला. टेकवू नका, स्वाइप करू नका.”

थोडा वेळ गेला. “हे विचारतंय, आपल्या चलनात की इथल्या?”

“इथल्या.” आपल्या चलनात म्हटलं की दर मशीनवाला लावतो, आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो. त्या घाईतही हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली, ०५, मंजूर. तिकडून पावती छापल्याचा आवाज आला. काकू फोन घेऊन एवढंच म्हणाल्या, “ताई, मिळाली खोली.” मी त्यांना तिकिटांच्या आणि हॉटेलच्या पावत्या जपायला सांगितल्या. पिन टाकून निघालेले पैसे तुम्ही काढलेले नव्हेत हे दाखवायचं, तर त्या वेळी तुम्ही कुठे होतात याचा कागद लागतो. त्या पावत्यांवरच पुढे त्यांची तक्रार मान्य झाली आणि रक्कम परत आली.

फोन ठेवल्यावर काकूंनी सांगितलेल्या एटीएमचा क्रमांक मी व्यवहारांमध्ये शोधला. त्या आठवड्यात आमच्या बँकेची आणखी अकरा कार्डं तिथे वापरली गेली होती. अजून एकावरही काही घडलं नव्हतं. एरवी मी ती सगळी ब्लॉक करून मोकळी झाले असते. त्या रात्री सुपरवायझरच्या परवानगीने अकराच्या अकरा कार्डांची फक्त पट्टी बंद केली, आणि ते मशीन ज्या बँकेचं होतं तिला काकूंच्या शब्दांत कळवलं, हिरवी खाच, वरची चिकटवलेली पट्टी, सगळं.

पहाटे साडेपाचला त्यातल्या दोन कार्डांवर ९०च्या ओळी आल्या. दोन्ही नाकारल्या गेल्या. त्यातल्या एका कार्डावर त्याच दिवशी दुपारी युरोपातून ०५ची ओळ आली, एका म्युझियमच्या तिकिटांची. मंजूर.