चालत जाण्याच्या अंतरावर

गिरगावकराला इतिहास बघायला लांब जावं लागत नसे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला लागला तो सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला मॅजेस्टिकमध्ये, पुढच्या वर्षी तिथेच प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. १९३६ साली सेंट्रलला 'संत तुकाराम' लागला तो वर्ष उलटलं तरी हलला नाही. चाळीतल्या माणसाने जेवण उरकून पायात चपला सरकवाव्यात आणि निघावं, एवढ्यावर ही थेटरं.

सुरुवातीला नुसत्या सिनेमावर मात्र भागत नसे. कॉरोनेशनमध्ये 'हरिश्चंद्र'च्या जोडीला एका परदेशी बाईंचा नाच होता, शिवाय विनोदी नकला आणि कसरतीचे खेळ. पैसे मोजले की पदरात भरपूर पडलं पाहिजे, ही आपली वृत्ती दादासाहेब फाळक्यांना पक्की ठाऊक असणार. सुरतेला प्रेक्षक येईनात तेव्हा त्यांनी जाहिरात केली म्हणतात: ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे! मांजरपाटासारखा सिनेमा वारावर विकायचा. मी एकदा हिशेब घालून बघितला. फुटाला सोळा फोटो धरले तर ५७ हजार फोटो साडेतीन हजार फुटांत बसतात, आणि पट जवळपास तेवढाच होता. म्हणजे फोटो खरे. मैल मात्र चक्क थाप!

पडद्यावर संवादांच्या पाट्या यायच्या, 'हरिश्चंद्र'ला हिंदी आणि इंग्रजीत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. आज शेजारच्या खुर्चीतला कुजबुजला तरी आपण त्याच्याकडे वळून बघतो. तेव्हा असा बोलका शेजारी मिळाला तर तिकीट वसूल.

मग बोलपट आला आणि या वाचकांचं काम गेलं. 'आलम आरा'च्या वेळी मॅजेस्टिकवर पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं.

त्या सिनेमाची एकही प्रत आता उपलब्ध नाही. मॅजेस्टिकही पाडलं, तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे. त्या दिवशीची रांग कुठल्या नाक्यापर्यंत गेली असेल, याचा मी तिथून जाताना अंदाज घेतो. गिरगावातल्या एका मित्राला हे बोललो, तर तो म्हणाला, "रांग कसली? तेव्हा मुंबईत रांग लावायची कुणाला माहीत होती? नुसती झुंबड रे!"