पाटीच्या दगडावरची द्राक्षं

आधीच कबूल करतो, आप्पांना जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी न्यायची आयडिया तशी गंडलेलीच होती. माणूस माळकरी, वाईनचा वासही नको, आणि मी त्यांना घेऊन चाललो रिसलिंगच्या, म्हणजे पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या खोऱ्यात. पण निफाडला अख्खा जन्म द्राक्षबागेत गेलाय, आणि इथे फ्रँकफर्टच्या फ्लॅटमध्ये आठ दिवसांत कंटाळून बाल्कनीतल्या टोमॅटोची छाटणी करायला लागले होते, मग म्हटलं चला.

कोखेमला किल्ला बघितला, म्हणजे किल्ल्यापेक्षा बसमधून उतरणारी माणसंच जास्त बघितली, एक महागडी कॉफी घेतली आणि पुढची लोकल पकडली. चार किलोमीटरचा बोगदा संपला, एडिगर-एलरला उतरलो आणि आप्पा मान वर करून तिथेच उभे. समोर ब्रेम गावचा काल्मोंट, द्राक्षबागांचा उभा डोंगर. चढ ६५ अंशांपर्यंत. "आरं, हितं बकरी चढंना, ह्यांनी बाग लावली?"

खरं तर त्या चढावर साखळ्या धरून जायची पायवाट आहे आणि माझा प्लॅन तोच होता, ६६ वर्षांच्या माणसाला चपलांवर! लाज वाटली म्हणून खालच्या वाटेनेच गेलो. सप्टेंबरअखेर, तोडणी चालू, एका रुळावरची इंजिनवाली गाडी क्रेट घेऊन खाली येत होती. ना मांडव, ना तारा, प्रत्येक वेलीला स्वतःचा खांब, काडी वाकवून बदामासारखी बांधलेली. आप्पांनी जमिनीवरचा चपटा काळा दगड उचलला, उन्हाने चांगलाच तापलेला. "ही तर शाळेतली पाटी!" खरंच स्लेट आहे ती. दिवसभराची ऊब रात्री वेलीला देते, एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं त्यात तिचाही वाटा आहे.

तिथे क्रेट उतरवणारा एक म्हातारा आला. मला वाटलं हाकलतोय. त्याने आप्पांचे हात बघितले, बोटांवरचे कात्रीचे घट्टे, आणि स्वतःचे दाखवले. मग मला कुणी विचारेचना! त्याने दगडाच्या टोकाने पाटीवर एक रेघ मारली, कात्रीची खूण केली, हिवाळा म्हणून कुडकुडून दाखवलं. आप्पांनी शेजारी दोन मारल्या. म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. सांगितलं, एप्रिलला काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, पीक मात्र एकदाच. त्याला पटेना. माझा शब्द नीट आहे ना म्हणून त्याने परत विचारलं, माझं पुन्हा तेच उत्तर, तेव्हा तो हसत सुटला.

त्याने वाईन काढली, आप्पांनी गळ्यातली माळ दाखवली. तो आत जाऊन द्राक्षाचा ताजा रस घेऊन आला. आप्पांचं म्हणणं, आंबट आहे, आठ दिवस अजून थांबायला हवं होतं. हे भाषांतर मी केलं नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये चुलत्यांना फोन, पंधरा मिनिटं, अख्खा डबा ऐकत होता. पाटी खिशातच होती.