घाटमाथ्यावर ट्रेलरची चाकं फिरेनात : एका हिवाळी फेरीचा वृत्तांत

खालच्या खोऱ्यात पारा शून्याच्या आसपास, हवा ओली, रस्त्यावर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल. वर पठारावर उणे वीसच्या खाली, कोरडी हवा आणि सतत वारा. या दोन हवामानांच्या मध्ये एक लांब घाट. आमच्याकडे भरलेला ट्रेलर होता, गाडी आळीपाळीने चालवणारे आम्ही दोघं, आणि मुक्काम घाटमाथ्यावर. असा रस्ता हिवाळ्यात पहिल्यांदा धरणारे बहुतेक जण वरच्या उणे विसाला घाबरतात. माझं मत उलटं आहे. गोठतं ते पाणी, आणि ते गाडीत शिरतं खाली, शून्याच्या आसपास. वर गेल्यावर त्याचा फक्त दगड होतो.

अशा गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्या हवेत पाणी येतं कुठून, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून ती आठ-नऊपट दाबतो. दाबताना हवा तापते, म्हणून तिच्यातली वाफ तशीच राहते. पुढे नळीत आणि टाकीत ती हवा थंड झाली की वाफेचं पाणी होतं. ते टिपायला एअर ड्रायर असतो. त्याच्या आतले दाणे ओल शोषून घेतात, आणि टाक्या भरल्या की ड्रायर फुस्स करून ती ओल खाली टाकून देतो. हा फुस्स कानात बसवून घ्या. तो ऐकू आला नाही, किंवा सतत हवा गळल्यासारखा येत राहिला, तर ड्रायरचा खालचा व्हॉल्व्ह गोठलाय असं समजा. बंद अवस्थेत गोठला तर पाणी बाहेर जात नाही. उघडा गोठला तर प्रेशर चढत नाही. त्या व्हॉल्व्हजवळ छोटा हीटर असतो. साधारण सात अंशांच्या खाली तो आपोआप सुरू होतो आणि तो जळाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. निघण्यापूर्वी थंड गाडीची चावी चालू करून चार-पाच मिनिटांनी ड्रायरच्या बुडाला हात लावून पाहा. कोमट लागायला हवं.

ट्रेलर आम्हाला मिळाला तो उघड्यावर उभा असलेला. हवेच्या कपलिंगवर, म्हणजे पुढच्या गाडीच्या हवेच्या नळ्या ट्रेलरला जोडायच्या तोंडांवर, झाकणं नव्हती आणि दोन्ही तोंडांत बर्फ ठासून भरला होता. काकांनी (माझे जोडीदार, वयाने आणि अनुभवाने मोठे) स्क्रूड्रायव्हरने बर्फ उकरला, फडक्याने तोंडं पुसली, रबरी वॉशर काढून त्यांच्या मागचंही साफ केलं. पण नळीच्या आत जे गेलं असेल ते तिथून दिसत नाही. "वर गेल्यावर कळेल," एवढंच ते म्हणाले. कळलंच.

टाक्यांचं पाणी संध्याकाळी काढा, गाडी गरम असताना. सकाळी काढायला गेलात तर ते पाणी राहिलेलं नसतं, बर्फ झालेला असतो. आधी ओली टाकी, म्हणजे ड्रायरनंतरची पहिली, मग बाकीच्या. ट्रेलरच्या टाकीकडे कुणी वाकून बघत नाही, कारण ट्रेलर आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा. आमच्या ट्रॅक्टरमधून (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) नुसता दमटपणा आला. ट्रेलरच्या टाकीतून मात्र चांगलं ओंजळभर पाणी निघालं. तेलकट, दुधाळ गाळ आला असता तर मी घाट चढलो नसतो. त्याचा अर्थ कॉम्प्रेसर तेल टाकतोय, आणि तेलाने माखलेले दाणे ओल धरत नाहीत.

चढताना चाकांवर चिखल उडत राहिला आणि वळणांवर ब्रेक लागत राहिल्याने ड्रम (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची बिडाची डबी) तापत राहिले. गोठण्याची खरी तयारी इथे होते. गरम ड्रम, त्याला आतून घासून चाक थांबवणारे ओले लायनर, आणि वर पोचताच ओढलेला पार्किंग ब्रेक. बाहेर उणे वीस असेल तर लायनर आणि ड्रम यांच्यातली ओल थोड्याच वेळात दोघांना चिकटवून टाकते. म्हणून थांबण्याआधीच्या शेवटच्या सपाट पट्ट्यात हलके ब्रेक लावत जायचं, म्हणजे लायनर कोरडे होतात. मग गाडी उभी करून चाकांना ठोकळे लावायचे आणि ड्रम निवल्यावरच ब्रेक लावायचा. जमीन अगदी सपाट असेल आणि तिथला नियम परवानगी देत असेल, तर ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि ठोकळ्यांवर गाडी ठेवून ट्रेलरचे ब्रेक मोकळे ठेवता येतात. आम्हाला मिळालेली जागा उताराची होती. तिथे हा विचारही करायचा नाही. ट्रेलरचे ब्रेक लावले आणि झोपलो.

सकाळी इंजिन सुरू केलं, प्रेशर पूर्ण चढू दिलं, पार्किंग ब्रेक सोडायची दोन्ही बटणं आत दाबली (हा ब्रेक स्प्रिंग लावते, हवा सोडवते). ट्रेलरकडून हवेचा आवाज आला. गाडी पुढे घेतली तर ट्रेलरच्या मागच्या एक्सलची चाकं न फिरता बर्फावरून घसरत निघाली. डांबरावर असं झालं की गाडी अडते, धक्का बसतो. बर्फावर काहीच जाणवत नाही. चालक मजेत मैलभर जातो आणि टायर एका जागी सपाट घासून येतो. ट्रेलरच्या बाहेरच्या टायरांवर आदल्या संध्याकाळी खडूने उभी रेघ मारून ठेवली होती आणि काका बाजूने चालत होते, म्हणून दोन हातांतच कळलं. ही युक्ती जरूर उचला.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: चिकटलंय काय? लायनर चिकटलेत की हवाच पोचत नाही? दोन्हींचा इलाज वेगळा. गाडीला ठोकळे लावा, चावी खाली वाकणाऱ्याच्या खिशात ठेवा, आणि ब्रेक चेंबरमधून, म्हणजे हवेच्या जोराने ब्रेक हलवणाऱ्या चाकाजवळच्या डब्यातून, बाहेर येणारा दांडा बघा. बटण दाबल्यावर दांडा आत गेलेला असेल, तर हवेने आपलं काम केलंय आणि लायनर ड्रमला धरून बसलेत. दांडा बाहेरच असेल, तर हवा वाटेत कुठेतरी अडली आहे. आमचे दांडे आत गेले होते. म्हणजे लायनर.

हातोडा घ्यायचा, पण राग घेऊन नाही. मागच्या पत्र्यात फट असेल तर तिथून ब्रेक शूच्या (ज्यावर लायनर बसवलेलं असतं त्याच्या) कडेवर, नाहीतर ड्रमच्या घेराभोवती हलके ठोके द्यायचे. ड्रम बिडाचा असतो आणि कडाक्याच्या थंडीत बीड ठिसूळ असतं. मोठ्या घणाने तडा जातो. आइस्क्रीमच्या डब्याला चिकटलेला चमचा जसा टकटक करून सुटतो तेवढाच जोर. मग गाडी अगदी हळू पुढे, मागे. एका बाजूचं चाक लगेच सुटलं, दुसऱ्याने बराच वेळ घेतला. सुटल्यावर लगेच पळायचं नाही. सावकाश चालत हलके ब्रेक लावून आतला उरलेला बर्फ वितळवायचा आणि वाळवायचा, नाहीतर पुढच्या थांब्यावर तेच.

आगीचा बोळा करून चाकाखाली धरणारे लोक मी पाहिलेत. तिथे नायलॉनच्या नळ्या असतात, ग्रीस असतं, टायर असतो. पुढे काही सांगायला नको. गरम पाणीही नको, कारण ते तिथेच गोठतं. सायलेन्सरचा धूर पाइपाने चाकावर सोडणं हा उपाय बरेच जण सुचवतात, पण त्या धुरात भरपूर वाफ असते. आणि स्प्रिंग ब्रेकचा चेंबर खोलायचा मोह कितीही झाला तरी खोलू नये. आत दाबून बसवलेली स्प्रिंग माणूस मारू शकते.

दुसरी अडचण खिंडीत आली. तपासणीसाठी थांबलो, ब्रेक लावले, आणि पुन्हा निघताना ट्रेलरचे ब्रेक सुटेनात. या वेळी दांडे बाहेरच. ठोकळे लावून ट्रेलरला हवा पुरवणाऱ्या लाल नळीचं कपलिंग उघडलं. ट्रॅक्टरच्या बाजूने हवा जोरात आली, म्हणजे अडथळा ट्रेलरमध्ये. उघड्यावर ठासलेला तो बर्फ खाली वितळून आत गेला होता आणि इथे परत गोठला होता. बर्फ बहुतेक वेळा नळी जिथे झोळ खाते तिथे किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडतो. आमच्याकडे इन्व्हर्टरवर चालणारा केस वाळवायचा ड्रायर होता. नळीचा झोळ आणि व्हॉल्व्ह, दोन्ही मंद हवेने शेकले. हात लावल्यावर सोसेल इतकंच गरम. हवा मोकळी झाल्यावर ट्रेलरची टाकी लगेच रिकामी केली, कारण बर्फाचं पाणी झालं तरी ते आतच असतं.

ब्रेकच्या हवेसाठीच बनवलेलं अल्कोहोलचं द्रावण बाटलीत होतं, वापरावं लागलं नाही. ते शेवटचा उपाय म्हणून थोडंसं, तेही ट्रेलरच्या नळीत. त्याने रबरी सील कोरडे पडतात आणि वंगण धुऊन जातं. एअर ड्रायरमध्ये गेलं तर आतले दाणे खराब होतात. काही जुन्या गाड्यांत ड्रायरऐवजी अल्कोहोलची बाटलीच बसवलेली असते, त्यांची गोष्ट निराळी. काच धुण्याचं पाणी, डिझेल, गंज सोडवायचं तेल यांपैकी काहीही नळीत ओतू नका.

लाल नळी गोठली की गाडी उभी राहते. वैताग येतो, पण ते चांगलंच आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा हवा गेली की ब्रेकही जात. 1872 मध्ये त्याने रचना उलटी केली: हवा गेली की ब्रेक लागावा. ट्रकमध्ये स्प्रिंग तेच काम करते. मला भीती वाटते ती दुसऱ्या नळीची; उत्तर अमेरिकेत ती निळी असते, युरोपात पिवळी. पायाचा ब्रेक ट्रेलरपर्यंत हीच नेते. ती गोठली तर घड्याळात प्रेशर पूर्ण दिसतं, कुठलाही गजर वाजत नाही, गाडी खुशाल चालते, आणि ट्रेलर मात्र ब्रेक लावत नाही. उतारावर ते कळणं म्हणजे फार उशीर. म्हणून खिंडीतून उतरायला लागण्याआधी, सपाटीवर, चालण्याच्या वेगात फक्त ट्रेलरचा ब्रेक ओढून बघायचा. मागून ओढ जाणवली नाही तर उतरायचं नाही. ट्रेलरच्या ब्रेकसाठी केबिनमध्ये वेगळी मूठ नसेल तर एकाने पायाचा ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून ट्रेलरचे दांडे हलतात का ते बघावं. आम्ही दर उताराआधी हे केलं. काका दर वेळी "पुन्हा" म्हणायचे आणि मी कुरकुरत पुन्हा करायचो.

उतार खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या ब्रेकवर. थंडीत सील आणि होज कडक होतात, हवा जास्त गळते. प्रेशर सुमारे साठ पीएसआयवर, म्हणजे चार बारवर आलं की गजर वाजतो. तोवर वाट बघू नका. इंजिन बंद करून, ब्रेक मोकळे ठेवून एक मिनिट काटा बघा. अमेरिकेतल्या चालक परीक्षेत ट्रेलर जोडलेल्या गाडीला मिनिटाला तीन पीएसआयपर्यंत घट चालते. कुठेही धरायला बरा असा हा आकडा आहे.

खाली पोचल्यावर ट्रेलर गरम शेडमध्ये घेतला. इथे एक गोष्ट हमखास राहते. शेडमध्ये सगळं वितळतं, गाडी झकास वाटते, लोक तशीच बाहेर काढतात आणि फाटकाबाहेरच ती पुन्हा अडते. आत निदान काही तास ठेवा, ब्रेक अनेकदा लावून सोडा म्हणजे व्हॉल्व्हमधलं पाणी हलेल, मग सगळ्या टाक्यांचं पाणी काढा, ट्रेलरच्या टाकीचं सगळ्यात शेवटी आणि दोनदा. ड्रायरचं दाण्यांचं काडतूस कधी बदललं होतं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर बदलून घ्या. आणि ट्रेलर सोडताना कपलिंगवर झाकणं बसवा, नसतील तर जाड प्लास्टिक घट्ट बांधा.