आठशे मीटर रस्ता, सात आठवडे दाखला

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या धावणाऱ्यांच्या गटाला जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पाच आणि दहा किलोमीटरची धाव ठेवायची होती. साठ माणसं, फी नाही, पदकं नाहीत. रस्ता बंद करायचा नव्हता, तरी एवढी माणसं एकदम रस्त्यावर येणार म्हटल्यावर पंचायत आणि पोलीस दोघांना लेखी कळवलेलं बरं. पोलिसांचं काम एका सकाळी झालं. डॉक्टर मिळाले, स्वयंसेवकही मिळाले.

अडलं ते आठशे मीटरवर. मार्ग एका मोरीपलीकडे गेला की पंचायतीची हद्द बदलते, आणि तेवढ्या तुकड्यासाठी दुसरा ना हरकत दाखला लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. "ठेवून जा," म्हणाले, ठेवून आलो. इथंच चुकलं. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आमचा अर्ज तिसऱ्या खेपेला टेबलाच्या काचेखाली सापडला, चतुर्थीच्या सुट्ट्यांच्या यादीला चिकटून. मग कळलं की नकाशा हवा. नकाशा दिला, तर त्यावर किलोमीटरच्या खुणा हव्यात. खुणा केल्या, तर विषय बैठकीत ठेवावा लागेल. यातलं काहीही पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, आणि माझा राग अजून त्याच गोष्टीवर आहे.

म्हणून पहिल्याच अर्जाला हे सगळं जोडा: किलोमीटर आणि पाण्याच्या जागा दाखवणारा नकाशा, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, अंदाजे माणसं, दोन जबाबदार व्यक्तींचे मोबाईल, डॉक्टरांचं पत्र, गाड्या कुठे लावणार, कचरा कोण उचलणार. बैठक कधी आहे तेही त्याच दिवशी विचारा.

सातव्या आठवड्यात आम्ही मार्गच बदलला. अडीच किलोमीटरची फेरी, सगळी एकाच हद्दीत. पाचसाठी दोन, दहासाठी चार. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. पाण्याचं एक टेबल पुरतं: सगळे दहा किलोमीटर धावले असं धरलं आणि प्रत्येक फेरीला माणशी दीडशे मिलीलिटर दिलं तर 36 लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. शिवाय सर्वांत हळू धावणारा माणूस कधी एकटा पडत नाही.

फेरीचं दुसरं अंग धावणाऱ्यालाच कळतं. दर अडीच किलोमीटरला आपलीच लावलेली स्कूटर दिसते. सरळ मार्गावर अर्ध्यात कंटाळलात तरी परत यावंच लागतं. इथं किल्ली खिशात असते. तिसऱ्या फेरीला निघणं सर्वांत जड, पायांपेक्षा डोक्याला. आमच्या गटात नियम आहे: थांबायचं की नाही हे स्कूटरपाशी ठरवायचं नाही, दोन विजेचे खांब पुढे जाऊन ठरवायचं. बहुतेक जण तिथून पुढे जातात. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा उकाड्यात अंगावर काटा आला तर मात्र खांबबिंब काही नाही, तिथंच बसायचं आणि 108 ला फोन.

अंतर घड्याळावर मोजू नका. कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, सावलीत जीपीएस भरकटतं. सायकलच्या चाकावर खडूची खूण करून एका फेरीत किती सेंटिमीटर जातं ते मोजा, तेही माणूस बसलेला असताना, कारण वजनाने टायर दबतो. तो आकडा सायकलच्या मीटरमध्ये भरा.

ध्वनिक्षेपकाचं राहिलंच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर चालत नाही. आम्ही शिट्टीवर भागवलं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सव्वासहाला निघणार असाल तर वळणावर विजेरी घेऊन माणूस उभा करा. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल त्याच वेळी तिथून जाते.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घोळायचं, अंदाजाने अर्ध्या बाटलीत नाही. ते कुणी पीत नसेल तर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घातलेलं पाणी ठेवा, ते संपतं. कपांऐवजी स्टीलचे ग्लास आणि धुवायला एक बादली ठेवली तर कचऱ्याची हमी पाळता येते.

जुन्या मार्गाचा दाखला धाव झाल्यानंतरच्या मंगळवारी आला. सही-शिक्का व्यवस्थित, आवक क्रमांकही आहे.