पिकअप शेडवरची पाटी
सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या फाट्यावर नवी पिकअप शेड उभी राहिली आणि तिच्यावर ‘राज्यसभा सदस्य यांच्या स्थानिक विकास निधीतून’ अशी निळ्या अक्षरांतली पाटी लागली. एसटीची वाट पाहता पाहता शेजारच्या काकीने ती मोठ्याने वाचली आणि मला विचारले, “आमचो खासदार येगळो. मगे ह्येका कोणी निवडून दिल्यानी?”

आमदारांनी, असे मी सांगितले. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा लोकसभेचा खासदार आपण थेट निवडतो; राज्यसभेचा खासदार मात्र विधानसभेचे २८८ आमदार पसंतीक्रमाने निवडतात. एका वेळी सहा जागा भरायच्या असतील, तर निवडून येण्यासाठी साधारण ४२ आमदारांची मते लागतात आणि पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकावी लागते. सदस्याची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही.

विसर्जनाचा फटका काय असतो, हे कोकणाने पाहिलेले आहे. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या भागातही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खासगी (म्हणजे सरकारने नव्हे, तर मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले) विधेयक १९६७ मध्ये लोकसभेत मांडले होते. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले. राज्यसभेत मांडलेले आणि तिथेच प्रलंबित असलेले विधेयक असे व्यपगत होत नाही.

दोन्ही सभागृहे समान आहेत, असे मात्र नाही. धन विधेयक (कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचे) लोकसभेतच मांडता येते, राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या शिफारशी स्वीकारण्याचे बंधन लोकसभेवर नाही. साध्या विधेयकावर मतभेद झाला, तर संयुक्त बैठकीत ५४३ जागांच्या लोकसभेपुढे २४५ जागांची राज्यसभा बहुधा हरणारच. अशा बैठका १९६१, १९७८ आणि २००२ अशा तीनच विधेयकांसाठी झाल्या. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची पळवाट नाही. तिथे प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत स्वतंत्रपणे मिळवावे लागते.

आपल्या ग्रामपंचायतीचे गाडे १९८९ मध्ये अडले ते इथेच. पंचायत राजला घटनात्मक दर्जा देणारे ६४व्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले; पण केंद्र राज्यांना डावलून थेट गावापर्यंत पोहोचू पाहत आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता आणि ऑक्टोबरमध्ये ते राज्यसभेत पडले. पुढे ७३वी दुरुस्ती १९९२ मध्ये संसदेत मंजूर होऊन २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यात सरपंच कसा निवडायचा, हे राज्याच्या कायद्यावर सोडलेले आहे. (म्हणून तर आपल्याकडे थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला.) त्या वेळची अडवणूक निव्वळ राजकारण होती, असे मी पूर्वी म्हणत असे; आता तसे म्हणवत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. अमेरिकेत लहानमोठ्या प्रत्येक राज्याला सेनेटमध्ये दोनच जागा असतात. आपल्याकडे लोकसंख्येचा हिशेब धरल्याने महाराष्ट्राला १९ आणि बांद्याच्या पलीकडच्या गोव्याला एकच जागा आहे. तेही चालले असते. परंतु उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असावा ही अट २००३ मध्ये काढून टाकण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला. राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांनीच कायदे करायच्या, विषयावर संसदेने राष्ट्रहितासाठी कायदा करावा, असा ठराव दोनतृतीयांश बहुमताने करण्याचा अधिकार फक्त राज्यसभेला आहे, आणि राज्यांच्या वतीने ही संमती देणाऱ्याचे त्या राज्यात घरसुद्धा असण्याची गरज नाही, हे मला पटत नाही.

हे ऐकून काकीने पुन्हा पाटीकडे पाहिले. “मगे ह्यो रवता खंय?” पाटीवर नाव होते, निधीचे वर्ष होते, गाव लिहिलेले नव्हते.