आमची वाटचाल: जीपच्या चेसिसपासून बिनछपराच्या मोटारींपर्यंत

वडिलांचं काम जीपचं. नाशकात द्वारकेजवळ भाड्याचा गाळा आणि एक वेल्डिंग मशीन. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चीर गेली की पट्टी मारायची, हूड फाटलं की शिवून घ्यायचं. पुढे अंबडला शेड घेतली आणि जुन्या कन्व्हर्टिबल, म्हणजे बिनछपराच्या गाड्या, यायला लागल्या, त्याही नुसत्या रंगासाठी. रंग झकास व्हायचा. पण ट्रायलला स्पीडब्रेकर आला की काचेची फ्रेम एकीकडे, स्टिअरिंग दुसरीकडे. गिऱ्हाईक म्हणायचं, "जुनी गाडी आहे शेठ, चालायचंच." आम्हाला काही ते पटेना.

छप्पर नसलं की बॉडी पीळ खाते. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत मग बराचसा भार दारांखालच्या सिलवर येतो. १९६२ च्या एमजीबी या ब्रिटिश गाडीचं सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये एक उभा पडदा. मधला पडदा गंजला तर बाहेरून काही कळत नाही. म्हणून आम्ही आधी मागच्या चाकापुढे, जॅक लावायच्या जागी गाडी उचलतो आणि दाराच्या फटीवर नजर ठेवतो. फट वरून मिटत आली, दार अडकायला लागलं, की समजायचं सिल गेलं. वरून नवा पत्रा ठोकून दिलेल्या गाड्या तर कितीतरी आल्या. आत नुसता भुगा.

सिल कापण्याआधी दाराच्या जागेत चौकोनी पाइप टाचून घेतो. एका वेळी एकच बाजू उघडायची. घाई केली तर गाडी मधून बसते आणि मग दार जन्मात लागत नाही.

ट्रायम्फ हेरल्ड या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचं तसं नाही. तिला वेगळी चेसिस आहे, बॉडी वर बोल्टने बसवलेली. तिथे मधले रबर पॅड दगड झालेले असतात. एवढ्या एका कामात वडिलांचा जीपचा हात उपयोगी पडला. शिवाय नाशकात पॅडचा साचा करणारा किंवा ब्रॅकेट लेझरवर कापून देणारा शोधत फिरावं लागत नाही. सातपूर-अंबडच्या जॉबवर्कवाल्यांवर आमचं निम्मं काम चालतं.

अमेरिकन कंपन्यांनी वेगळीच युक्ती केली. १९६७ च्या उघड्या कॅमारोच्या चार कोपऱ्यांत स्प्रिंगवर झुलणारं वजन बंद डब्यात घालून दिलं. बॉडी थरथरली की ते वजन उलटं हलतं आणि थरथर खातं. भंगार समजून ते काढून टाकणारे कारागीरही असतात.

ठरावीक स्पीडलाच हादरे येत असतील तर आधी टायर बॅलन्सिंग आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) बघून घ्या. तेवढ्यात भागलं तर आमच्याकडे यायचीही गरज नाही. शॉक ॲब्सॉर्बर कडक केल्याने मात्र त्रास वाढतोच. आणि गाडी दाखवायला आणाल तेव्हा ताजा रंग मारून आणू नका, सिल उघडायला तो खरवडावाच लागतो.