प्रियसचं १२ व्होल्टचं काम: हेडलाइट नक्की कुठल्या बॅटरीवर चालतात?

टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसवरचं (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड गाडी) काम एका टप्प्याला आलंय, म्हणून आतापर्यंतचं सगळं एकत्र लिहून काढतो. सुरुवात झाली ती कॅमेऱ्यापासून. पुढच्या काचेवर कॅमेरा बसवायचा होता आणि गाडी उभी असतानाही तो चालू राहायला हवा होता. त्यासाठी वायर कुठून घ्यायची हे ठरवण्याआधी दिवे, ब्लोअर, मागची काच तापवणारी जाळी, म्युझिक सिस्टीम या सगळ्यांना वीज कुठून मिळते ते मोजायला घेतलं. आता मला कॅमेऱ्यापेक्षा या मोजणीतच जास्त रस वाटतोय.

गाडीत बॅटऱ्या दोन. मागच्या सीटमागे निकेल-मेटल हायड्राइडची मोठी, १६८ सेलची, २०१.६ व्होल्टची. डिकीत उजव्या कोपऱ्यात छोटी, १२ व्होल्टची, ४५ अँपिअर-तासांची. बल्ब, रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच), वायपरची मोटर, सगळे कंट्रोल युनिट या छोट्या जगातले. नेहमीच्या गाडीत हे जग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनने फिरणारा जनरेटर, सांभाळतो. इथे अल्टरनेटर नाही आणि वेगळी स्टार्टर मोटरही नाही. या पिढीत इंजिनला एकही पट्टा नाही, पाण्याचा पंपसुद्धा विजेवर. इंजिन सिग्नलला बंद पडणार, उतारावर बंद पडणार, मग त्याला बांधलेल्या अल्टरनेटरवर दिवे चालवून भागणारच नाही.

अल्टरनेटरचं काम करतो डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो बॉनेटखाली इन्व्हर्टरच्याच (मोटरसाठी डीसीचा एसी प्रवाह करणारं उपकरण) पेटीत बसलेला असतो. मोठ्या बॅटरीचा डीसी प्रवाह ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने चालू-बंद करतात, तो ट्रान्सफॉर्मरमधून जातो, पलीकडे पुन्हा डीसी होऊन साधारण १४ व्होल्टवर बाहेर पडतो. मधला ट्रान्सफॉर्मर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १२ व्होल्टची निगेटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, पण मोठ्या बॅटरीच्या दोन्ही तारा पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवलेल्या असतात. त्यामुळे वीज या बाजूची त्या बाजूला जाते, पण दोन बाजूंमध्ये थेट तार कुठेच नाही. नारिंगी, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या, केबलच्या वाटेला मी अजिबात गेलेलो नाही आणि कुणी जाऊही नये. हे सगळं काम १२ व्होल्टच्याच बाजूचं.

आता मोजणी. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा) छोट्या बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर लावला, मल्टिमीटर टर्मिनलवर, आणि ओबीडी अडॅप्टरवरून (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) मोठ्या बॅटरीचा प्रवाह फोनवर. क्लॅम्प घेताना तो डीसीचा आहे ना, एवढं बघा. साधा एसी क्लॅम्प इथे काहीच दाखवत नाही.

ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबलं की डॅशबोर्ड पूर्ण उजळतो, पण ‘रेडी’ (गाडी चालवायला तयार असल्याची खूण) येत नाही. या अवस्थेत छोट्या बॅटरीतून १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह बाहेर जात होता, तोही दिवे बंद असताना. हेडलाइट लावले की तेविसाच्या घरात. माझे बल्ब ५५ वॅटचे हॅलोजन, दोन मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या आसपास, हिशेब साधारण जुळतो. मागे २०० व्होल्टची बॅटरी भरलेली असते आणि तिच्यातून थेंबभरही वीज येत नाही. या अवस्थेत दिवे आणि गाणी चालू ठेवली तर छोटी बॅटरी दोन तासही टिकणार नाही. ‘हायब्रिड आहे, बॅटरी मोठी आहे, चालू दे’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा आकडा दाखवा.

मग ब्रेक दाबून रेडी केलं. हे डिकीत कान लावून ऐकण्यासारखं आहे. मोठ्या बॅटरीजवळ टक्, क्षणभराने पुन्हा टक्. तिच्या मुख्य रिलेंपैकी एक आधी रेझिस्टरमधून हळूच जोडतो, म्हणजे इन्व्हर्टरचे कपॅसिटर सावकाश भरतात, मग थेट जोडणी होते. मल्टिमीटर १२.३ वरून किंचित खाली गेला, दुसरी टक् झाली आणि लगेच १४ च्या वर चढला. क्लॅम्पचं चिन्हच उलटलं, प्रवाह आता बॅटरीत जात होता. इंजिन अजून बंदच होतं.

या अवस्थेत हेडलाइट लावून बघितले तेव्हा सगळं कोडं सुटलं. छोट्या बॅटरीच्या वायरवर काही क्षणांची हालचाल, नंतर आकडा होता तिथेच. मोठ्या बॅटरीचा प्रवाह मात्र अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त वाढला. एका बाजूला ८ अँपिअर, दुसऱ्या बाजूला अर्धा-पाऊण. वॅट तेवढेच, व्होल्ट चौदापट, वरचं थोडं कन्व्हर्टरमधल्या उष्णतेत जातं. म्हणजे रेडीमध्ये दिवे जळतात ते मोठ्या बॅटरीवर, तिची पातळी घसरली की इंजिन आपोआप सुरू होऊन ती भरून काढतं. छोटी बॅटरी तेव्हा नुसती चार्ज होत असते.

एअर कंडिशनरची गंमत वेगळी. कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीवर चालतो, ब्लोअर १२ व्होल्टवर. म्हणून रेडी नसताना वारा येतो, गारवा येत नाही.

न्यूट्रलबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गिअर ‘एन’मध्ये असताना मोठी बॅटरी चार्ज होत नाही, पण कन्व्हर्टर तिच्यातून ओढतच राहतो. रहदारीत बराच वेळ थांबायचं असेल तर ‘पी’ मध्ये टाका.

छोटी बॅटरी बसली तर गाडी का उठत नाही, हेही आता स्पष्ट झालं. ते मुख्य रिले ओढायला आणि कॉम्प्युटर जागे करायला तिचीच वीज लागते. ती नसेल तर मोठी बॅटरी भरलेली असूनही तोडलेलीच राहते. डिकीचं कुलूपही विजेचं, म्हणून कंपनीने बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात जंपसाठी (दुसऱ्या बॅटरीची वीज घेऊन गाडी सुरू करण्यासाठी) वेगळं पॉझिटिव्ह टोक दिलंय. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवरच्या मोटर-जनरेटरचं असल्यामुळे बाहेरून फार प्रवाह लागत नाही. फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं होता कामा नये, फटका थेट कन्व्हर्टरला बसू शकतो. उलट, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची मोठी गाडी जंप करू नका. स्टार्टरचा झटका सोसायला ही बॅटरी बनवलेली नाही.

बॅटरी बदलणाऱ्यांसाठी: ती प्रवाशांच्याच जागेत असते, म्हणून एजीएम (आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं तो) प्रकारचीच घ्या आणि गॅस बाहेर नेणारी बारीक नळी पुन्हा जोडा.

आता कॅमेरा. उभ्या गाडीत तो पाव अँपिअर खातो. बॅटरीचा निम्मा साठा वापरायचा म्हटलं तर २२ अँपिअर-तास, म्हणजे साडेतीन दिवस. कागदावर ठीक वाटतं, पण छोट्या फेऱ्यांत बॅटरी पूर्ण भरत नाही, आणि गाडीचे स्वतःचे कॉम्प्युटरही झोपेत थोडं थोडं खात असतात. सध्या अ‍ॅक्सेसरीच्या फ्यूजवरून जोडणी केली आहे, म्हणजे गाडी बंद की कॅमेरा बंद. उभ्या गाडीसाठी वेगळी छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवणार आहे, जी फक्त कन्व्हर्टर चालू असतानाच भरेल. ते ओळखायला व्होल्टेज बघणारा रिले पुरेसा आहे: १३.३ ला चालू, १२.८ ला बंद. गाडी बंद केल्यावर बॅटरी काही मिनिटं १३ च्या वर दिसते, तेवढा उशीर चालेल. मधे प्रवाहाला मर्यादा घालणारा चार्जर, आणि फ्यूज गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीच्या अगदी जवळ. रिले हाती आला की आधी टेबलावर व्होल्टेज वर-खाली करून त्याचे चालू-बंदचे आकडे तपासणार, मगच गाडीत बसवणार.